बंद भांड्यात सोन्याचे नॅनोकण नक्की कधी बनतात?

स्क्रीनवर हे जे छोटं भांडं थरथरतंय ना, ते सेकंदाला 30 वेळा मागेपुढे होतंय. आत सोन्याचा पिवळा क्षार, त्यातून सोनं सोडवायला व्हिटॅमिन सी, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडं पॉलिमर आणि दळायला झिर्कोनिया या कडक सिरॅमिकच्या गोळ्या. स्टीलच्या मुद्दाम नाही घेतल्या, कारण लोखंड स्वतःच सोन्याच्या क्षाराशी रिअ‍ॅक्शन करतं. सॉल्व्हंटचा थेंब नाही, उकळणं नाही, नुसतं दळणं. हीच मेकॅनोकेमिस्ट्री.

आयडिया जुनी आहे, 1820 मध्ये मायकेल फॅरेडेनं सिल्व्हर क्लोराइड जस्ताबरोबर खलात घोटून चांदी मोकळी केली होती. पण घोटताना आत काय चाललंय ते दिसायची सोयच नव्हती. अगदी अलीकडेपर्यंत पद्धत हीच, मिल, म्हणजे भांडं हलवणारं यंत्र, थांबवा, झाकण उघडा, चिमूटभर पावडर काढून तपासा. आता यात गोची अशी की मिल थांबली म्हणून रिअ‍ॅक्शन थांबतेच असं नाही, वर हवा आणि दमटपणा आत शिरतो, म्हणजे आपण जे तपासतो ते दळतानाचं नसतंच, नंतरचं असतं.

मग फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, संशोधकांनी चालू मिलच्या भांड्यातूनच जोरदार एक्स-रे आरपार सोडले, तो पेपर 2013 चा. तिथे धातूचे कण नव्हते, झिंक ऑक्साइडपासून सच्छिद्र पदार्थ बनत होता, पण वाट तिथून मोकळी झाली.

आता हा ग्राफ बघा, हे एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्रिस्टलवरून एक्स-रे ठराविक कोनांत वळतात आणि त्या कोनांवर ग्राफमध्ये टोकं, म्हणजे पीक्स, दिसतात. क्षाराचे पीक्स खाली जातायत, सोन्याचे वर येतायत. कण जितका बारीक तितका पीक पसरट, आणि त्यावरून साइज काढायचं शेररचं सूत्र 1918 पासून वापरात आहे. पण इथेच फसायला होतं! पावडर भांड्याच्या पुढच्या भिंतीलाही चिकटते आणि मागच्याही, दोन्हींचं डिटेक्टरपासूनचं अंतर वेगळं, त्यामुळे पीक रुंद होतो, कधी चक्क दोन होतात. घाईत बघणारा म्हणेल कण बारीक झाले, आणि झालेलं काहीच नसतं. म्हणून आधी त्याच भांड्यात ओळखीची क्रिस्टलाइन पावडर घालून, भांड्यामुळे पीक किती पसरतो ते मोजून घ्यायलाच हवं, हे काम कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय साइजच्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

आणि सुरुवातीला जे चार-दोन अणूंचे पुंजके जमतात त्यांना नीट पीकच नसतो. तिथे एक्स-रे अ‍ॅब्सॉर्प्शन कामाला येतं. एक्स-रेची एनर्जी 11.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हळूहळू वाढवत न्यायची, क्षारातलं सोनं तिथे एक ठसठशीत उंचवटा दाखवतं, धातू झालं की तो बसतो. म्हणजे क्रिस्टल दिसायच्या आधीच कळतं की सोनं क्षारातून सुटायला लागलंय. फक्त ही एनर्जी कमी, स्टीलच्या भांड्यातून ती पार होत नाही, प्लास्टिकची पातळ भिंत लागते.

चांदीही घातली तर दोन्ही पद्धती लागतातच. सोन्याच्या जाळीचं, म्हणजे क्रिस्टलमधल्या अणूंच्या ठराविक मांडणीचं, माप 0.408 नॅनोमीटर, चांदीचं 0.409, पीक्स जवळजवळ एकावर एक. मिश्रधातू झाला की दोन धातू नुसते शेजारी बसलेत, हे डिफ्रॅक्शनला सांगणं अवघड जातं, सोन्याच्या अणूला लागून सोनंच आहे की चांदी ते अ‍ॅब्सॉर्प्शनमधून कळतं.