काकींचा जुना रिपोर्ट

आषाढ. गोव्यात डिचोलीत पाऊस लागून राहिला की चिऱ्याच्या भिंतींना ओल चढते, कपाटातल्या लुगड्यांना बुरशीचा वास येतो. या घरातल्या काकींनी कालची रात्र बसून काढली. आडवं झालं की छाती घरघरते. हातात रक्ताचा रिपोर्ट. सीआरपी नॉर्मल.

"मग माझी धाप खोटी काय रे?"

खोटी नाही, काकी.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. अंगात दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ नावाचं निरोप पोचवणारं प्रथिन यकृताला खबर देतं आणि सीआरपी वाढतं. दम्यात ते कधी थोडं वाढतं. वजन जास्त असेल तर आणखी, कारण चरबीतूनही तीच खबर जाते. पण साध्या तापानेही ते वाढतं. त्यामुळे दमा आहे की नाही, हे एकट्या सीआरपीवरून ठरत नाही.

त्याच रिपोर्टात खाली एक ओळ असते, तिथे सहसा कुणी बघत नाही. इओसिनोफिल. गुलाबी रंग धरणाऱ्या या पांढऱ्या पेशी १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी ओळखल्या. दम्यात त्या सतत वाढलेल्या असल्या, तर पुढच्या अटॅकची भीती जास्त. तीव्र दम्यात कुणाला कोणतं इंजेक्शन लागू पडेल, हे ठरवतानाही हा आकडा बघतात. जंतांनीही त्या वाढतात, तेवढं आधी तपासावं लागतं.

काकींच्या रिपोर्टात इओसिनोफिल १ टक्का. इथेच आम्ही अडलो. मग सूनबाईंना आठवलं: रक्त देण्याआधी तीन दिवस काकी मागच्या वेळच्या उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. या गोळ्या पोटात गेल्या की काही तासांतच इओसिनोफिल रक्तातून कमी होतात. लॅबमध्ये कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आम्हाला हे फार लागलं.

पिशवीत चैत्रातला रिपोर्ट निघाला, गोळ्यांच्या आधीचा. पांढऱ्या पेशी ९०००, इओसिनोफिल ६ टक्के. म्हणजे मायक्रोलिटरला ५४०, वाढलेल्याच.

उद्या बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, काकी नळीत फुंकर मारून श्वास मोजून घेतील. दोन्ही रिपोर्ट सूनबाईंनी एकाच पिशवीत ठेवलेत. वर गोळ्यांचं रिकामं पाकीट.