अटकेपारची अटक

नमस्कार श्रोतेहो.

'अटकेपार झेंडा लावला' असं आपण दहावीत नव्वद टक्के मिळवलेल्या भाच्यालाही म्हणतो. १७५८ साली मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेला पोचल्या, तिथून पुढे पेशावरला गेल्या, त्याची ही आठवण. आज आपण त्याच वाटेनं आणखी थोडं पुढे जाऊ. पेशावर सोडायचं, जमरूदचा किल्ला मागे टाकायचा, खैबर खिंडीत शिरायचं आणि चढ संपत येतो तिथे थांबायचं. गावाचं नाव लंडी कोतल. कोतल म्हणजे खिंड. उंची हजार मीटरच्या वर. वस्ती पश्तूनांची, म्हणजे आपण ज्यांना सरसकट पठाण म्हणतो त्यांची. त्यातही शिनवारी आणि आफ्रिदी या टोळ्यांची. पुढे उतारावर तोरखम, आणि तोरखम ओलांडलं की अफगाणिस्तान.

पठाण म्हटलं की आपल्याला आठवतो हिंग, नाहीतर व्याज. माझं विचाराल तर 'पठाणी व्याज' हा शब्द आता पेन्शनीत काढावा. क्रेडिट कार्डाचा हप्ता एकदा चुकवून बघा, पठाण सज्जन वाटायला लागेल. असो.

या गावात एक रेल्वे होती आणि एक झाड आहे. रेल्वेकडे येतोच. आधी झाड.

गोष्ट सांगतात ती १८९८ सालची. लंडी कोतलच्या छावणीत एक इंग्रज अधिकारी होता, नाव सांगतात जेम्स स्क्विड. एका संध्याकाळी साहेबांनी घेतली होती. थोडी नव्हे, चांगलीच. बाहेर आले तर समोर वडाचं झाड. साहेब डुलताहेत, पण साहेबांना वाटतंय की झाडच डुलतंय. साहेब एक पाऊल पुढे, तर झाड एक पाऊल मागे! आता सरहद्दीवरचा अधिकारी, समोरून कुणी न विचारता निघालं तर तो सोडेल होय? त्यानं मेसच्या सार्जंटला हुकूम दिला, 'याला अटक करा.'

झाडाला अटक. पुन्हा सांगतो, झाडाला.

मला त्या सार्जंटची फार दया येते. साहेबाला 'झाड जागेवरच आहे' म्हणावं तर साहेब खोटा ठरतो, आणि हसावं तर नोकरी जाते. त्यानं साखळदंड आणवले आणि झाड जमिनीला जखडून टाकलं. सकाळी साहेबांची उतरली असेलच, पण झाडाच्या बेड्या काही कुणी उतरवल्या नाहीत. त्या आजही आहेत. जाड कड्यांच्या साखळ्या, वरचं टोक झाडाला, खालचं जमिनीत. शेजारी एक पाटी, आणि पाटीवर झाड स्वतःच बोलतं : मी अटकेत आहे. दारू प्यालेल्या एका साहेबाला मी चालतोय असं वाटलं, तेव्हापासून मी अटकेत आहे.

जन्मठेपेचा कैदीसुद्धा कधीतरी सुटतो हो!

(आपण झाडांना बेड्या घालत नाही, हे खरं. आपण त्यांना क्लासच्या जाहिराती खिळ्यांनी ठोकतो आणि दिवाळीला विजेच्या माळा आवळतो. आमच्या कोपऱ्यावरच्या गुलमोहरावर मी चौदा खिळे मोजलेत. हा विषय निघाला की माझं भान सुटतं, तेव्हा पुढे जाऊ.)

तिथल्या लोकांना मात्र या गोष्टीत निव्वळ गंमत दिसत नाही. १९०१ साली इंग्रजांनी या टोळ्यांसाठी सरहद्द गुन्हे कायदा आणला. गुन्हा एकानं करायचा आणि दंड सगळ्या टोळीनं भरायचा. घरंसुद्धा पाडली जात. लोक त्याला म्हणत : ना अपील, ना वकील, ना दलील. तीन शब्द लक्षात ठेवा : अपील, वकील, दलील. त्या झाडाला तरी यातलं काय मिळालं? इंग्रज १९४७ साली गेले, कायदा पाकिस्तानातही चालूच राहिला. २०१८ साली हा मुलूख खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला, तेव्हा कुठे तो गेला.

आता रेल्वे. नोव्हेंबर १९२५ मध्ये गाडी लंडी कोतलला पोचली. चौतीस बोगदे. एक इंजिन पुढून ओढणार, एक मागून रेटणार. कर्जतला बँकर, म्हणजे मागून रेटणारं इंजिन, लागताना वडा खाल्लेल्यांना वेगळं सांगायला नको. चढ इतका की गाडी मध्येच थांबून उलट्या दिशेनं निघे आणि नागमोडी वर चढे. आपल्या खंडाळ्याच्या घाटातही पूर्वी अशी सोय होती. आणि पेशावरला तर रूळ थेट विमानतळाच्या धावपट्टीवरून जात! म्हणजे आगगाडीनं थांबायचं, विमानवाल्यांची परवानगी घ्यायची, मग पुढे. पुढे पर्यटकांसाठी वाफेची गाडी काही वर्षं चालली. २००६ च्या पुरात मार्ग वाहून गेला आणि तीही थांबली.

काचेपलीकडून हात वर झालाय, म्हणजे वेळ संपली. शिनवारी लोक मटणाला मिठाखेरीज काही लावत नाहीत, मसाल्याचं नाव नाही, हे आज सविस्तर सांगायचं होतं. ते झाडानं खाल्लं.

नमस्कार.