घटनेत नसलेले पक्ष

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील फेडरल हॉलमध्ये जपून ठेवलेली ही तपकिरी दगडाची लादी. ३० एप्रिल १७८९ रोजी हिच्यावर उभे राहून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. ज्या इमारतीच्या सज्जात तो समारंभ झाला, ती १८१२ साली पाडली गेली आणि आज बाहेरून दिसणारी उंच खांबांची वास्तू नंतरची आहे. लादी मात्र तीच आहे. हार्टफर्डला विणलेल्या देशी कापडाचा तपकिरी पोशाख घालून वॉशिंग्टन येथे आले होते. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी नव्हता, कोणताही पक्ष त्यांच्या पाठीशी उभा नव्हता, आणि मतदान करणाऱ्या ६९ पैकी ६९ निर्वाचकांनी आपले एक मत त्यांनाच दिले होते.

एक मत, असे म्हणण्याचे कारण या दालनात सापडते. फिलाडेल्फियातील हिरव्या कापडाने झाकलेल्या या मेजांभोवती बसून १७८७ च्या उन्हाळ्यात राज्यघटना लिहिली गेली. राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याने आपले निर्वाचक नेमावेत, प्रत्येक निर्वाचकाने दोन व्यक्तींना मत द्यावे आणि त्यांपैकी निदान एक व्यक्ती दुसऱ्या राज्याची असावी, असे ठरले. प्रत्येक जण आपल्याच राज्याच्या माणसाला मत देऊन मोकळा होईल, ही भीती त्यामागे होती. बहुमतासह सर्वाधिक मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्या खालोखाल मते मिळवणारा उपराष्ट्राध्यक्ष. कोणते मत कोणत्या पदासाठी, हे मतपत्रिकेवर लिहायचे नव्हते. ही रचना विचारपूर्वक केलेली होती, परंतु तिच्यात पक्षांना जागाच नव्हती. घटनाकारांच्या लेखी पक्ष म्हणजे दुफळी, आणि दुफळीने प्रजासत्ताके बुडतात, अशी त्यांची खात्री होती.

दुफळी मात्र वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळातच सुरू झाली. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना राष्ट्रीय बँक आणि भक्कम केंद्रसत्ता हवी होती. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांना त्यातच राजेशाहीची चाहूल लागत होती. पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन वृत्तपत्रे पाहावीत. डावीकडचे ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हॅमिल्टन यांची बाजू मांडत असे. उजवीकडचे ‘नॅशनल गॅझेट’ १७९१ साली फिलिप फ्रेनो या कवीने सुरू केले आणि त्याच वेळी जेफरसन यांनी त्याला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार म्हणून नेमले. म्हणजे सरकारवर तुटून पडणारा संपादक सरकारच्याच पगारावर होता. या दोन छापखान्यांच्या भोवती जे लोक जमत गेले, त्यांतूनच एकीकडे फेडरलिस्ट आणि दुसरीकडे रिपब्लिकन अशा दोन फळ्या उभ्या राहिल्या. (हे रिपब्लिकन म्हणजे आजचा त्या नावाचा पक्ष नव्हे.)

१९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात वॉशिंग्टन यांचा निरोपाचा लेख छापून आला. पक्षीय वृत्तीपासून सावध राहण्याचा इशारा त्यात होता. पण तोवर उशीर झाला होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत फेडरलिस्ट जॉन अ‍ॅडम्स यांना ७१ आणि रिपब्लिकन जेफरसन यांना ६८ मते मिळाली, आणि नियमानुसार प्रतिस्पर्धीच उपराष्ट्राध्यक्ष झाला. एका घरात दोन चुली मांडल्या गेल्या.

हा तळमजला फिलाडेल्फियाच्या काँग्रेस हॉलचा, जेथे तेव्हा अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, भरत असे. आज येथे इतकी शांतता आहे की पावलांचा आवाज ऐकू येतो. आणि हे त्या काळचे व्यंगचित्र, १५ फेब्रुवारी १७९८ चे, याच सभागृहातले: कनेक्टिकटचे रॉजर ग्रिसवोल्ड हातातील काठी उगारून उभे आहेत, व्हर्मॉन्टचे मॅथ्यू लायन शेकोटीचा चिमटा घेऊन त्यांना सामोरे गेले आहेत आणि भोवतीचे सदस्य पाहत आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यावरील टीका त्याने गुन्हा ठरवली. उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यावर मात्र कोणी वाटेल ते लिहावे, त्यांचे पद त्या यादीत नव्हते. लायन याच कायद्याखाली चार महिने तुरुंगात गेले आणि तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले.

आता न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाच्या या अरुंद गल्ल्या. १८०० सालची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक खऱ्या अर्थाने येथे लढली गेली, असे आमचे मत आहे. त्या वर्षी १६ पैकी केवळ ५ राज्यांत निर्वाचक थेट मतदारांच्या मताने निवडले गेले; न्यूयॉर्कसह बहुतेक राज्यांत ते काम विधिमंडळाकडे होते. १७९६ मध्ये न्यूयॉर्कची बाराही मते अ‍ॅडम्स यांना गेली होती. न्यूयॉर्क नगर सोडून विधिमंडळाच्या उरलेल्या जागांवर दोन्ही पक्ष तुल्यबळ होते, त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस होणाऱ्या विधिमंडळाच्या निवडणुकीत नगरातील जागा ज्याला मिळतील, त्यालाच ती १२ मते मिळणार होती.

हे गणित न्यूयॉर्कचे रिपब्लिकन नेते ॲरन बर यांनी सर्वांआधी मांडले. त्यांनी वॉर्डावॉर्डांतील मतदारांच्या याद्या तयार करवून घेतल्या, आणि नावापुढे त्याचा कल कोणाकडे आहे, तो वर्गणी देईल की श्रम, मतदानाच्या दिवशी त्याला घरून आणावे लागेल का, याच्या नोंदी ठेवल्या. जर्मन भाषक मतदारांकडे जर्मन बोलणारे कार्यकर्ते पाठवले. माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन आणि सेनापती होरेशियो गेट्स यांच्यासारख्या वजनदार माणसांना साध्या विधानसभेच्या जागेसाठी उभे राहण्यास त्यांनी राजी केले. त्यांच्या घरी कार्यकर्त्यांसाठी जेवण तयार असे आणि दमलेल्यांसाठी खोल्यांत गाद्या अंथरलेल्या असत. मतदान तीन दिवस चालले. हॅमिल्टन घोड्यावरून या मतदान केंद्रावरून त्या केंद्रावर जात होते, बर त्यांच्या समोर उभे राहून गर्दीशी बोलत होते, आणि १ मे रोजी मतदान संपल्यावर झालेल्या मोजणीत नगरातील सर्व जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या. भाषणे आणि जाहीरनामे इतिहासात राहतात, याद्या लिहिणारे हात राहत नाहीत. म्हणूनच येथे आम्ही थोडे अधिक रेंगाळलो आहोत.

एक पत्रही येथे दाखवले पाहिजे. पराभवानंतर हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना लिहिले, की मावळत्या विधिमंडळाचे अधिवेशन तातडीने बोलवावे आणि निर्वाचक निवडण्याचा नियमच बदलावा. जे स्वतः फेडरलिस्ट होते. त्यांनी उत्तर पाठवले नाही; पत्रावरच नोंद केली, की ही सूचना पक्षाच्या लाभासाठी आहे आणि ती स्वीकारणे मला शोभणार नाही. शाईच्या त्या दोन ओळींनी एका पक्षाचा पराभव पक्का केला.

निर्वाचकांनी ३ डिसेंबरला मते दिली. फेडरलिस्टांच्या एका निर्वाचकाने ठरल्याप्रमाणे आपले दुसरे मत वळवले, म्हणून अ‍ॅडम्स यांना ६५ आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केलेले त्यांचे जोडीदार पिंकनी यांना ६४ मते पडली. रिपब्लिकनांची शिस्त मात्र इतकी पक्की होती, की एकानेही मत वळवले नाही: जेफरसन ७३, आणि त्यांचे जोडीदार बर यांनाही ७३. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने लखोटे उघडून ही बरोबरी जाहीर करण्याची वेळ खुद्द जेफरसन यांच्यावर आली.

जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या मळ्यातली ही मलबेरी रो, त्यांच्या गुलामांच्या झोपड्यांची आणि कामाच्या जागांची ओळ. पाच गुलामांमागे तीन माणसे धरून प्रतिनिधिगृहातील दक्षिणेच्या जागा ठरत, आणि जागांवरून निर्वाचक. ती गणती नसती तर पारडे अ‍ॅडम्स यांच्याकडे झुकले असते, असे अनेक इतिहासकारांनी मांडले आहे.

बरोबरीमुळे निर्णय आता काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाकडे गेला, तेही मावळत्या, फेडरलिस्टांचे बहुमत असलेल्या गृहाकडे. प्रत्येक राज्याला एक मत, १६ राज्ये, विजयासाठी ९. नवी राजधानी असलेल्या वॉशिंग्टन शहरातील काँग्रेसच्या इमारतीचा, कॅपिटॉलचा, फक्त उत्तरेकडील भाग तेव्हा बांधून झाला होता. पहिल्या फेरीत जेफरसन यांना ८, बर यांना ६, आणि व्हर्मॉन्ट व मेरीलँड दुभंगलेली. रात्रभर फेऱ्या झाल्या, आकडे हलले नाहीत. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणले होते. त्यांना बर्फातून डोलीसारख्या खाटेवर आणून शेजारच्या खोलीत निजवले होते, आणि प्रत्येक फेरीला ते तेथूनच मत देत होते. ते नसते तर मेरीलँड बर यांच्याकडे गेले असते. १७ फेब्रुवारीला, छत्तिसाव्या फेरीत, डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांच्यासह बर यांना मते देणाऱ्या काही फेडरलिस्टांनी माघार घेतली आणि जेफरसन यांना १० राज्ये मिळाली. आपल्याला काही आश्वासने मिळाली होती, असे बेयर्ड यांनी पुढे सांगितले. जेफरसन यांनी ते नाकारले.

दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मतदानाची बारावी घटनादुरुस्ती जून १८०४ मध्ये संमत झाली, त्याच्या पुढच्याच महिन्यात बर यांच्या गोळीने हॅमिल्टन मरण पावले, आणि १८१६ नंतर फेडरलिस्टांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार दिला नाही.

४ मार्च १८०१. अ‍ॅडम्स पहाटे चारच्या घोडागाडीने शहराबाहेर पडले होते. दुपारी जेफरसन आपल्या भाड्याच्या खोलीतून निघून याच चढावरून पायी कॅपिटॉलकडे गेले, शपथ घेतली, आणि पुढचे सुमारे दोन आठवडे त्याच भाड्याच्या घरात राहिले.