खडी, माग आणि हमी : सोलापुरातील दुष्काळी मदतीचा मागोवा

गरिबाला सार्वजनिक पैशातून मदत द्यायची म्हटले की तो खरोखर गरजू आहे हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न आधी उभा राहतो. आजच्या व्याख्यानात मी तेवढाच धागा धरणार आहे.

आपल्या जिल्ह्यात या विषयाची सुरुवात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांपासून करण्याचा प्रघात आहे. दुष्काळात त्यांनी बहामनी सुलतानाचे कोठार रयतेसाठी खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्याची भरपाई केली, अशी परंपरेतील कथा आहे. भक्तांना तिच्यात चमत्कार दिसतो. मला तिच्यातला हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. धान्य सरकारी होते, ते वाटण्याचा अधिकार पंतांना नव्हता, दारात आलेल्याची पात्रता कुणी तपासली नाही, आणि अखेर देवालाही सरकारी तिजोरीत भरणा करावा लागला.

इंग्रजी अमलात ही तपासणीच मदतीचा कणा बनली. १८७६-७७ च्या दुष्काळात आष्टीच्या तलावासारखी कामे निघाली. माती वाहायला आणि खडी फोडायला जो येईल तो गरजू, असे तत्त्व त्यामागे होते. म्हणजे काम हीच परीक्षा. जानेवारी १८७७ मध्ये भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणानुसार पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली गेली. दिवसभर टिकाव चालवणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य पुरत नाही, हे सांगायला वैद्य लागत नाही. त्यातच मजुरांना घरापासून लांबच्या कामांवर जाण्याची सक्ती झाल्याने मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज केले. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आला, त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात मदत कशी द्यायची याचे लेखी नियम, तयार झाले, मजुरी धान्याच्या भावाशी जोडली गेली आणि काम न झेपणाऱ्यांना गावातच फुकट मदत देण्याची तरतूद झाली.

या सगळ्या व्यवस्थेत विणकरांचे सोलापूर शहर मात्र नीट बसत नव्हते, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. पीक बुडाले की शेतकरी धान्य मिळेल त्या भावाने घेतो, पण नवे लुगडे घेत नाही. त्यामुळे बाजारात सूत असते, घरात माग असतो, विणणारे हात रिकामे नसायला हवेत, आणि तरीही विणकराची चूल पेटत नाही, कारण विणलेल्या मालाला गिऱ्हाईकच नसते. अशा माणसाला सरकार म्हणत होते, खडी फोडायला या. महिनाभर हातोडा चालवून बोटे राठ झाली की तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारणे अवघड होते, म्हणजे आजची भाकरी मिळवताना उद्याचा धंदा जातो. बरे, खड्ड्यात पाय सोडून बसून विणण्याची सवय असलेला माणूस उन्हात ठरलेले माप पुरे करणार तरी कसे, आणि माप भरले नाही तर मजुरी कापली जाणार. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी सोलापूरच्या विणकरांचा प्रश्न उचलला आणि स्थानिक व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन मदतीची योजना आखली. सरकारने ती मान्य केली नाही. त्या दुष्काळानंतरच्या, १८९८ च्या लायल आयोगाने विणकरांना त्यांच्याच धंद्यात मदत देण्याची शिफारस केली, ती माझ्या मते वीस वर्षे उशिरा.

१९७२ चा दुष्काळ आठवणारे इथे बरेच जण असतील. सुकडी (मदत म्हणून वाटलेले पौष्टिक खाद्य), मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), पाझर तलाव, नालाबांध हे शब्द त्यांना समजावून सांगायला नकोत. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने लागू झाली. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा, अशी सरकारवरच अट आली. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही, हा मोठा पालट होता.

तरी काम म्हणजे अंगमेहनतीचेच काम, ही जुनी परीक्षा तशीच राहिली आणि योजनेचा रोखही मुख्यतः ग्रामीण भागाकडे होता. गिरण्या बंद पडल्यावर सोलापूर शहरातला कामगार आणि घरी विड्या वळणारी त्याची बायको, दोघेही या हमीच्या कक्षेबाहेर होते.