पुसला का टेपर?

हा गुलाबी गोळा कृत्रिम खुब्याचा, सिरॅमिकचा. व्यास 32 मिलिमीटर. रंग क्रोमियम ऑक्साइडचा. मूळ माल ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड; त्यात साधारण सहावा हिस्सा झिर्कोनिया, हेही सिरॅमिकच. आधीचे निव्वळ ॲल्युमिनाचे गोळे हस्तिदंती असत. खुब्यात सिरॅमिकवर सिरॅमिक बसवलं ते 1970 साली, फ्रान्समध्ये, पिअर बुतँ यांनी.

आता गोळा उलटा करू. ही आतली पोकळी. मांडीच्या हाडात ठोकलेल्या धातूच्या दांड्याचं, म्हणजे स्टेमचं टोक इथे शिरतं. त्या निमुळत्या टोकाला टेपर म्हणतात: व्यास वर 12 मिलिमीटर, खाली 14. स्क्रू नाही, सिमेंट नाही, नुसती पाचर. त्यामुळे गोळा आतून कायम ताणलेला. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताणाला मात्र कच्चं. गोळा 28 मिलिमीटरचा असेल तर भिंत आणखी पातळ.

चाचणीच्या यंत्रावर गोळे फोडून बघतात. सरासरी किमान 46 किलोन्यूटन सोसले पाहिजेत; म्हणजे साडेचार टनांहून जास्त. मग माणसाच्या वजनाने तो का फुटावा?

टेपर जवळून बघा. रक्त, चरबी आणि ही हाडाची कणी. गोळा सगळीकडून टेकायचा, तो या कणीवर टेकतो. ताण एका जागी साचतो, तिथूनच तडा जातो. खरी गोम ट्रायलमध्ये आहे. पायाची लांबी तपासायला आधी ट्रायलचा गोळा लावतात. तो काढला की टेपर पुन्हा माखलेला. घाईत पुसायचं राहतं ते नेमकं इथे. धुवा, कोरड्या गॉजने पुसा, पोकळीही बघा. गोळा हाताने हलका फिरवत अडकेपर्यंत बसवा. मग प्लॅस्टिक टोकाचा इम्पॅक्टर, म्हणजे ठोकणी, सरळ रेषेत, एक खणखणीत ठोका. हातोडा थेट गोळ्यावर कधीच नाही.

लायनर म्हणजे कमरेच्या हाडातल्या कपात बसणारं अस्तर; गोळा त्यात फिरतो. सिरॅमिकच्या लायनरचं दुखणं वेगळं. कपात तिरका बसला, किंवा स्टेमची मान काठावर आदळत राहिली, की काठाची कपची उडते.

फुटल्यावर दुखतं, सांधा करकरतो, ऑपरेशन पुन्हा करावं लागतं.

तुकडे वेचले तरी बारीक कणी मांसात उरते. म्हणून नवा गोळा धातूचा नको. कणी त्याला कानशीसारखी घासते, कोबाल्ट रक्तात उतरतो. गोळा पुन्हा सिरॅमिकचाच हवा. पण हा टेपर बघा, ओरखडेच ओरखडे. स्टेम हाडात पक्का असेल तर तो तसाच ठेवतात, आणि टेपर व गोळा यांच्यामध्ये टायटॅनियमची ही पातळ बाही चढते.