खारे वारे, मतलई वारे आणि लालबागची धूळ

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालण्याआधी आई एकदा मिलच्या चिमणीकडे बघायची. धूर कुठल्या बाजूला झुकलाय त्यावर ठरायचं, बाबांचा पांढरा लेंगा आज दोरीवर जाणार की आत खुंटीवर. धूर आमच्या बाजूला असला तर दुपारपर्यंत कपड्यांवर तिळाएवढी काजळी बसलेली असायची. ती झटकायची नाही, फुंकायची. झटकली की रेघ उमटते. हे शास्त्र मी शाळेत जायच्या आधी शिकले. पुढे महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल आणि विज्ञान शिकवलं, पण हवेच्या प्रदूषणाचा पहिला धडा तो लेंग्याचाच.

बाबा मिलच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, होते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून यायची. घरात त्याला 'सोमवारचं दुखणं' म्हणत. कापसाच्या बारीक धुळीने फुप्फुसांना होणारा हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात बिसिनोसिस या नावाने आहे, आणि तो सोमवारीच जास्त जाणवतो हेही त्यात लिहिलेलं आहे. बाबांना ते नाव कधी कळलं नाही.

मग १९८२ चा संप झाला, हळूहळू भोंगे थांबले, चिमण्या गार पडल्या. मला वाटलं, पोटापाण्याचं काय व्हायचं ते झालं, निदान हवेचा प्रश्न तरी मिटला. आता त्याच गिरण्यांच्या जमिनीवर पन्नास-पन्नास, साठ-साठ मजल्यांचे टॉवर उभे राहतायत. गेल्या संक्रांतीच्या आधी मी तीळ धुऊन ताटात पसरले आणि सकाळी सात वाजता गॅलरीत ठेवले. अकराला आत आणले, भाजले, लाडू वळले. पहिला लाडू शेजारच्या वहिनींनी तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बाई, गुळात खडे होते का हो?" गूळ चांगला होता. ती कचकच सिमेंटची होती.

आता कुणी म्हणेल, शहर म्हटलं की हे चालायचंच. मला ते पटत नाही, कारण या शहराने आपली हवा या आधी तीन-चार वेळा सुधारून दाखवली आहे. मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ मध्येच झाला. त्यानंतर १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला मिळू लागली आणि गिरण्या एकामागून एक कोळशाच्या इंजिनावरून विजेवर गेल्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या लोकलला दिवसातून दहा वेळा शिव्या घालतो, ती शंभर वर्षं लाखो माणसं धुराशिवाय वाहून नेते आहे. या शतकाच्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशावरून काळी-पिवळी टॅक्सी डिझेल-पेट्रोल सोडून सीएनजीवर आली. एप्रिल २०२० पासून पंपावरचं इंधन बीएस सहा प्रतीचं झालं, त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत दहा भाग, आधीच्या पाचवा हिस्सा. प्रत्येक वेळी धूर जिथून निघतो तिथेच हात घातला. नाकाला रुमाल बांधून यातलं काहीच साधलं नसतं.

मग हवा पुन्हा का बिघडली? इथे मला थोडा भूगोल शिकवू द्या, सवय जात नाही.

खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही पाचवी-सहावीत पाठ केले असतील. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई. मुंबईची सगळी मिजास या खाऱ्या वाऱ्यावर आहे. दिल्लीचं प्रदूषण टीव्हीवर बघताना आपण म्हणतो, आपल्याला समुद्र आहे ना! आणि खरंच, समुद्र रोज दुपारी झाडू घेऊन येतो. पावसाळ्यात तर तो अंगणच धुऊन काढतो. जुलैमध्ये आमच्या खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं तर बोट ओलं होतं, काळं होत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र हा झाडूवाला उशिरा येतो. वारा ईशान्येचा असतो, खारा वारा दुपारपर्यंत जोर धरत नाही, आणि रात्री जमीन निवाल्यामुळे खाली थंड हवा आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना होते. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. खालचा धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाही. सकाळी वरळीच्या समुद्रावर सी लिंक पुसट दिसतो ना, ते धुकं नाही, धुरकं आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवस मुंबईचा हवा निर्देशांक, जो जितका मोठा तितकी हवा वाईट, दिल्लीच्याही वर गेला होता. समुद्र होता तिथेच होता.

त्या धुरक्यात काय असतं? मोठे कण नाकात अडकतात, शिंक येते, सुटका होते. काळजी पीएम २.५ ची. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा भाग एवढा हा कण. तो फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात, म्हणून दम्याइतकाच हृदयाचाही प्रश्न येतो. वर्षाच्या सरासरीत हे कण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावेत असं आपल्याकडचं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तो आकडा ५ वर आणला. आपली पास होण्याची रेषा आणि त्यांची रेषा यांत आठ पटींचं अंतर आहे, त्यामुळे 'हवा मानकात आहे' असं ऐकलं की मी लगेच टाळ्या वाजवत नाही.

तर लाडवाच्या प्रसंगानंतर मी पदर खोचून समोरच्या बांधकामावर गेले. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढलेत, ते छापून हातात. एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट, इमारतीला हिरवं कापड किंवा गोणपाट, राडारोड्यावर सतत पाणी, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकची चाकं धुवायची. पत्रे होते. कापड फाटून चौदाव्या मजल्यावर पताकेसारखं फडफडत होतं. चाकं धुण्यासाठी केलेल्या खड्ड्यात पाणी नव्हतं, चहाचे कप होते.

गेटवर पिवळं हेल्मेट घातलेला सुपरवायझर आला आणि ओशाळून हेल्मेटच काढलं. "बाई, तुम्ही?" सातवीत माझ्याच वर्गात मागच्या बाकावर होता.

"पाणी मारता का रे?"

"मारतो की बाई, सकाळी साडेसहाला. टँकर तेवढाच येतो."

"आणि दहा वाजता?"

तो गप्प. दहापर्यंत सगळं वाळतं. ट्रकच्या चाकाला लागलेला चिखल गल्लीत पडतो, त्यावरून दिवसभर गाड्या जातात आणि जात्यात दळावा तसा तो दळला जातो. रस्त्यावरची धूळ म्हणून आकडेवारीत जी दिसते तिच्यातला बराच भाग असा दळलेला असतो. मी त्याला विचारलं, "मतलई वारे कधी वाहतात?"

"रात्री, बाई."

"मग खडी नि रेती रात्रीच का उतरवता? तेव्हाच तर हवेवर झाकण असतं."

"दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी असते ना शहरात," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. दिवसा ट्रक आले तर कोंडी, रात्री आले तर धूळ. पण रात्री उतरवायचंच असेल तर खडी ओली करून उतरवता येते, ताडपत्री टाकता येते, आणि चाकं धुवायला फार तर पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांचे पैसे कोणी द्यायचे, एवढाच वाद आहे. कोट्यवधींच्या फ्लॅटमध्ये तो सुटू नये याचं मला नवल वाटतं.

रस्त्यावर पाण्याचे फवारे उडवत फिरणाऱ्या तोफा तुम्ही पाहिल्या असतील. बांधकामाच्या आत, खडी उतरवताना, त्यांचा उपयोग आहे. भर रस्त्यात त्या मला वरातीतल्या बँडसारख्या वाटतात. जाडी धूळ जरा वेळ खाली बसते, बारीक कण हवेतच राहतात. त्यापेक्षा पहाटे कोरडा झाडू मारणं थांबवून धूळ ओढून घेणारी यंत्रं फिरवली तर झाडणाऱ्या माणसाची छातीही वाचेल. त्या माणसाच्या तोंडावर मास्क नसतो, ओढणी असते.

आता पावाबद्दल बोलते, जरा भीतभीत, कारण पावाबद्दल बोललं की मुंबईकर चिडतो. आपली लादी ज्या भट्टीत भाजली जाते तिथे बऱ्याचदा भंगारातलं लाकूड जळतं. जुनी कपाटं, दारं, प्लायवूड, त्यावरचा रंग नि गोंद यांच्यासकट. चौकशीला गेले तेव्हा मी भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले. शेठनी लांब दांड्याच्या फळीवर लाद्या बाहेर ओढल्या, वास असा की भूक लागावी, आणि बाजूला ढिगात एका पलंगाचा निळा रंगवलेला पाय. तो पुढच्या घाण्याला जाणार. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. शेठ म्हणाले, "बदलतो, पण भट्टी पाडून नवी बांधायची तर धंदा महिनाभर बंद. पैसे कोण देणार?" मला वाटतं इथे नुसती नोटीस पुरणार नाही. टॅक्सीवाल्यांना सीएनजीचं किट बसवायला जसं कर्ज लागलं, तसं यांना लागेल. आणि पाव चार आणे महाग झाला तर आपणही ओरडू नये.

गाड्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. या शहरात ४० लाखांहून जास्त वाहनं नोंदलेली आहेत, आणि सिग्नलला थांबलेली गाडीही धूर सोडतच असते. मला राग येतो तो बेस्टचा ताफा आटल्याचा. चार हजारांच्या वर बसगाड्या होत्या, त्या कमी होत तीन हजारांच्या आसपास आल्या. विजेच्या दुमजली बस आल्या, छान आहेत, पण स्टॉपवर पाऊण तास उभा राहिलेला माणूस शेवटी हप्त्यावर स्कूटर घेतो. मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत जमिनीखालून जाते. स्टेशनातून घरापर्यंतच्या दीड किलोमीटरला बस नसेल तर तिथेही माणूस रिक्षाच शोधणार.

माहुल-चेंबूरच्या लोकांना मी हवेवर व्याख्यान देणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणं. तिथे तेलशुद्धीकरण कारखाने, खताचा कारखाना, वीजकेंद्र, सगळं एका ठिकाणी. आणि थोडं पुढे देवनार, १९२७ पासूनचं कचऱ्याचं मैदान. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला. ओला कचरा दाबला की आत मिथेन वायू तयार होतो, तो पेटायला ठिणगी पुरते. आपण ओला-सुका वेगळा करतो तेव्हा त्या मैदानातला तेवढा वायू कमी होतो, इतका साधा त्याचा संबंध आहे.

छोट्या आगाही मोजायला हव्यात. डिसेंबरात सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन शेकोटी करतात. आमच्या मागच्या इमारतीचे वॉचमनकाका टायरचा तुकडा नि प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळत होते. मी रागावले, तर म्हणाले, "बाई, रात्री दोनला खुर्चीवर बसून बघा." बसून बघायची गरज नव्हती. सोसायटीने त्यांना एक जाड रजई आणि विजेचा छोटा हीटर दिला. शेकोटी बंद झाली. कचरा कुठे जळताना दिसला तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करा, पण आधी तिथे कोणाला थंडी वाजतेय का, तेही बघा.

घरातलं थोडं सांगते. थंडीच्या दिवसांत खिडक्या पहाटे बंद, दुपारी वारा फिरला की उघड्या. फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी पहाटे पाचचा हट्ट सोडावा, निर्देशांक दोनशेच्या वर असेल त्या दिवशी तर घरातच फेऱ्या माराव्यात. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जळत ठेवू नका, तिचाही धूर तसाच बारीक असतो. आणि मास्क लावायचा तर एन ९५, कापडी रुमालाने पीएम २.५ अडत नाही.

त्या बांधकामावर मी तीनदा गेले, चौथ्यांदा गेले नाही, कारण खड्ड्यात पाणी आलं होतं. कापडही नवीन लावलंय, निदान आमच्या बाजूला. यंदा संक्रांतीचे तीळ मी दुपारी दोननंतर गॅलरीत ठेवले, खारा वारा सुटल्यावर, वर मलमलचं फडकं टाकून. लाडू वहिनींनी खाल्ला आणि काही बोलल्या नाहीत. फडकं मात्र धुवायला घेतलं तेव्हा बादलीतलं पाणी काळंच निघालं.

नमस्कार.