टोमॅटोला आधार, खिशाला नको भार

मंडळी, टोमॅटोला आपण वेल म्हणतो खरं, पण त्याला वर चढता येत नाही. काकडी-कारल्याला ताणे असतात, वालाचा वेल स्वतःच काठीला गुंडाळतो. टोमॅटो नुसता वाढतो, फळं धरली की वाकतो आणि आडवा होतो. त्याला याचं काही वाटत नाही. मातीला टेकलेल्या खोडाला उलट नवी मुळं फुटतात. पंचाईत आपली होते. जमिनीवरचं फळ सडतं आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतला करपा, म्हणजे पानं करपवणारा बुरशीचा रोग, खालच्या पानांवर चढतो.

यावर दुकानात तारेचे गोल पिंजरे मिळतात. माझं मत विचाराल तर ते पैसे शेणखताला घाला. चेरी टोमॅटोसारखी सतत वाढणारी जात सहज माणसाच्या उंचीला जाते. गुडघाभर पिंजरा तिला काय धरणार?

नारायणगाव-जुन्नरकडे टोमॅटोचे प्लॉट बघा. बांबू, तार आणि सुतळी, एवढ्यावर ते उभे असतात. तेच आपण छोट्या वाफ्यात करायचं. दोन टोकांना दणकट बांबू हातभर खोल गाडा, वर आडवा बांबू किंवा तार बांधा आणि प्रत्येक रोपासाठी एकेक सुतळी खाली सोडा. बुंध्याशी गाठ सैल मारायची, आत बोट फिरलं पाहिजे, कारण खोड पुढे जाड होतं. मग आठवड्यातून एकदा शेंडा हलक्या हातानं सुतळीभोवती फिरवायचा. हे सकाळी करू नका. तेव्हा शेंडे पाण्यानं तट्ट भरलेले असतात, पटकन मोडतात. दुपारनंतर जरा लवचीक होतात. या पद्धतीत बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, काढाव्या लागतात, नाहीतर एका सुतळीवर अख्खं झुडूप लटकेल. बुटक्या, झुडुपी जातीच्या बगलफुटी मात्र काढू नका, फळंच कमी होतील. तिला कमरेएवढी एक काठी पुष्कळ झाली.

काठ्या विकत कशाला? तुरीचा हंगाम झाला की तुराट्या मिळतात; एकटी तुराटी लेचीपेची, दोन-तीन एकत्र बांधा. निर्गुडीची वाळलेली काठी चालते. गिरिपुष्पाची ओली काठी मात्र रोवू नका, ती जगते! मग टोमॅटोच्या वाफ्यात गिरिपुष्पाचं झाड सांभाळत बसा. काठी रोप लावतानाच रोवायची. महिन्याभरानं ठोकली तर पसरलेली मुळं तुटतात.

बांधायला जुन्या सुती साडीच्या, धोतराच्या पट्ट्या उत्तम. नायलॉनची बारीक दोरी खोडात रुतते. पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवा: एक फास काठीला घट्ट, दुसरा खोडाला सैल, म्हणजे वाऱ्यात खोड काठीवर घासत नाही.

गच्चीवरच्या कुंडीत एकटी काठी डुलते, कारण खाली माती थोडी. तिथं कडेनं तीन काठ्या रोवून वरची टोकं एकत्र बांधा. कठडा जवळ असेल तर सुतळी सरळ त्यालाच बांधा.

हंगाम संपला की सुतळीसकट झाड कापून कंपोस्टमध्ये टाका. तागाची असेल तर तीही कुजते. रोगट झाड मात्र कंपोस्टमध्ये नको, आणि त्याची काठीही पुन्हा टोमॅटोला लावू नका. चुलीत घाला.